मागच्या रिव्ह्यूला ८० टक्के सांगितलं, आज मोजलं तर ६५ पण नाही, आता फायनलला काय लिहायचं?

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मी बीई कॉम्प्युटरला आहे, कर्वेनगरला रूम करून राहते. आमचा चौघांचा ग्रुप. प्रोजेक्ट म्हणजे मेसचं अ‍ॅप. मुलांनी खाडा अ‍ॅपवर टाकायचा, काकूंना आदल्या संध्याकाळीच उद्याच्या थाळ्यांचा आकडा कळणार आणि महिन्याच्या शेवटी खाडे वजा होऊन बिल. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या आराखड्यात, ऑनलाइन पेमेंट आणि मशीन लर्निंगने गर्दीचा अंदाज हेपण लिहून बसलोय. आमच्या गल्लीतल्या मेसमधली ३८ मुलं २६ दिवस झाले अ‍ॅप वापरतायत, काकूंनी तर वही लिहायचीच बंद केलीये. मागच्या रिव्ह्यूला आम्ही ८० टक्के झालं असं सांगितलं होतं, खरं मोजलं तर आज ६५ पण नाही. फायनल रिव्ह्यू ९ दिवसांवर आलाय. ग्रुप लीडर म्हणतो सगळे मॉड्यूल्स कम्प्लीट लिहू, मशीन लर्निंगच्या अंदाजाची अ‍ॅक्युरसी ९४ टक्के टाकू, सर कुठे सगळं उघडून बघतात. आमच्यातला एक जण वडिलांच्या ऑपरेशनमुळे दीड महिना सोलापूरला होता, त्याचं काम जवळजवळ नाहीच, पण कॉन्ट्रिब्युशनमध्ये चौघांना २५-२५ लिहायचं ठरलंय. मला रात्रीची झोप येत नाही. मी एकटीने वेगळं बोलले तर ग्रुप फुटेल अशी भीती वाटते. काय करू?"

अगं, पहिली गोष्ट, तुझं पत्र वाचून मला सगळ्यात आधी दिसल्या त्या तुमच्या काकू. वही बंद केलेल्या काकू! मी गेली काही वर्षं टेस्टिंगमध्ये काम करते आणि अधूनमधून कॉलेजांत एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक म्हणून प्रोजेक्ट बघायला जाते, त्यातले बरेचसे प्रोजेक्ट असे असतात की ते बनवणाऱ्या चौघांशिवाय जगात कुणीच वापरलेले नसतात, सगळा डेटा खोटा, युजरचं नाव टेस्ट वन आणि टेस्ट टू. तुमच्याकडे खरी ३८ माणसं आहेत जी रोज जेवायला येतात, आणि एक बाई आहे जिने आपला इतक्या वर्षांचा हिशोब तुमच्या भरवशावर ठेवलाय. हे तू पत्रात मधेच एका ओळीत लिहून पुढे गेलीस. रिपोर्टमध्येही तसंच करणार असाल तर आधी तेच थांबवा, कारण तुमच्या प्रोजेक्टची खरी प्रगती तीच आहे आणि ती पहिल्या पानावर यायला हवी.

आता ते टक्क्यांचं. ६५ ही काळजी करण्यासारखी गोष्ट अजिबात नाही गं, १०० लिहिणं ही आहे. का ते माझ्याच अनुभवातून सांगते.

माझ्या बीईच्या वेळी आमचा लायब्ररीचा प्रोजेक्ट होता. पुस्तक परत करायची तारीख जवळ आली की एसएमएस जाणार असं सिनॉप्सिसमध्ये होतं. ते काही शेवटपर्यंत जमलं नाही, पण स्क्रीनवर 'मेसेज पाठवला' अशी हिरवी पट्टी यायची आणि ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे बाइंडिंग करून द्यायच्या फायनल रिपोर्टमध्ये, आम्ही एसएमएस मॉड्यूल पूर्ण असं लिहून टाकलं. ओरलच्या दिवशी एक्स्टर्नल सरांनी सगळं शांतपणे ऐकलं, खिशातून स्वतःचा फोन काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले माझा नंबर टाका. टाकला. हिरवी पट्टी आली. सर फोनकडे बघतायत, आम्ही चौघं फोनकडे बघतोय, लॅबमधला पंखा तेवढा फिरतोय. मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी फोन उचलून खिशात ठेवला आणि पुढच्या प्रत्येक स्क्रीनला एकच प्रश्न विचारला, हे तरी खरं चालतं का? आमचं सर्च खरंच छान झालं होतं, मराठी नावं इंग्रजी स्पेलिंग कसंही टाकलं तरी सापडायची, माझ्या मैत्रिणीने त्यावर दोन महिने घालवले होते. ते सर्च सरांनी उघडूनसुद्धा बघितलं नाही. ती बाहेर येऊन जिन्यात रडली आणि मला आजही ते आठवलं की घशाशी येतं, कारण खोटी ओळ माझी होती आणि किंमत तिच्या कामाने मोजली.

म्हणून तुमच्या लीडरला सांग, सर सगळं उघडून बघत नाहीत हे खरंच आहे, पण ते एकच गोष्ट उघडतात आणि नेमकी कुठली ते आपल्याला माहिती नसतं.

टक्के मुळात आले कुठून ते पण बघू. तुम्ही ८० म्हणालात तेव्हा खोटं बोलत होतात असं मला वाटत नाही. लॉगिन झालं, मेन्यू झाला, खाडा झाला, बिल होत आलंय, पाचातले चार झाले म्हणजे ८०, असाच हिशोब केला असणार ना. सगळ्या जगात असंच होतं. बेल लॅब्सच्या टॉम कारगिलचं एक म्हणणं प्रोग्रामर लोकांत फार प्रसिद्ध आहे, १९८५ मध्ये जॉन बेंटलीने आपल्या सदरात ते दिलं होतं, की कोडच्या पहिल्या ९० टक्के भागाला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के वेळ लागतो. बेरीज १८० होते, आणि ती तशीच होते हे नोकरीला लागलीस की दर रिलीजला बघशील. स्क्रीन दिसायला लागली की आपल्याला वाटतं झालं, आणि मग कुणीतरी महिन्याच्या ३० तारखेला खाडा टाकतो आणि २ तारखेपर्यंत जेवायला येत नाही, आणि बिल दोन्ही महिन्यांत वजा होतं की एकाच, हे ठरवण्यात आठवडा जातो.

तर फायनल रिपोर्टमध्ये टक्का लिहूच नका. फॉरमॅटमध्ये रकाना असेल आणि लिहावाच लागला तर लिहा, पण शेजारी तो कसा काढला ते एका ओळीत द्या. २००१ साली १७ जणांनी मिळून अजाईलचा, म्हणजे थोडं थोडं करून सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा, जाहीरनामा काढला, तुमच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमध्ये आलाच असेल, त्यातल्या १२ तत्त्वांमध्ये एक असंय की चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप. परीक्षेत सगळे लिहितात हे, मार्क पण मिळतात, आता स्वतःच्या रिपोर्टला लावून बघा.

कसं लावायचं ते सांगते. सिनॉप्सिस काढा, तीच जी सरांकडे आहे, आणि तिच्यातलं प्रत्येक वचन एका ओळीत लिहा. तिच्यापुढे आज काय होतं ते लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात पुरावा, म्हणजे स्क्रीनशॉट किंवा टेस्ट केसचा नंबर किंवा किती दिवस किती जणांनी वापरलं ते. मधल्या रकान्यात तीनच शब्द वापरा, चालतं, अटीवर चालतं, चालत नाही. 'जवळजवळ पूर्ण' आणि 'इन प्रोग्रेस' हे शब्द फायनलला वापरू नका, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही आणि मग तो खोदायला लागतो.

उदाहरणार्थ खाडा. 'खाडा टाकणं चालतं. ३८ मुलांनी २६ दिवस वापरलं. माहीत असलेली चूक: सलग खाडा महिना ओलांडून गेला तर दोन्ही बिलांत तेच दिवस वजा होतात, ती दुरुस्त होईपर्यंत असे खाडे काकू हाताने तपासतात.' ही चूक तुमच्यात आहेच असं मी म्हणत नाहीये, पण ३० आणि ३१ तारखेचा खाडा टाकून आज रात्रीच बघा. किंवा पेमेंट घे. मला वाटतं तुमचं पेमेंट टेस्ट मोडवर चालत असणार, कारण गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेवर, खरे पैसे घ्यायचे तर धंद्याची केवायसी लागते आणि ती विद्यार्थ्यांकडे कुठून येणार. मग तसंच लिहा की, 'पेमेंट अटीवर चालतं, गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये, खरा रुपया फिरवलेला नाही, कारण केवायसी मेसच्या नावाने व्हायला हवी.' हे वाचून कुठल्याही एक्स्टर्नलला तुम्ही कमी पडलात असं वाटणार नाही, उलट या मुलांना गेटवे कसा चालतो ते कळलंय हे दिसेल. माझ्यासमोर असं एखादं वाक्य आलं ना की मी पेन खाली ठेवते आणि गप्पा मारायला लागते.

अजून एक, फार जण करतात म्हणून सांगते. जे जमलं नाही ते गुपचूप फ्यूचर स्कोपमध्ये ढकलायचं. करू नका हे. फ्यूचर स्कोप म्हणजे जे तुम्ही करायचं म्हणाला नव्हतात ते. सिनॉप्सिसमध्ये वचन दिलेली गोष्ट फ्यूचर स्कोपमध्ये दिसली की दोन्ही कागद शेजारी ठेवणाऱ्याला लगेच कळतं, आणि सरांकडे दोन्ही कागद असतात.

आता ९४ टक्के. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण मला यात सगळ्यात जास्त धोका दिसतो आणि सगळ्यात जास्त मजेचं कामही इथेच आहे.

हा आकडा हवेतून काढलेला नसेल, तर मला खात्री आहे की ज्या २६ दिवसांवर मॉडेल, म्हणजे अंदाज बांधणारा प्रोग्राम, शिकवलं त्याच २६ दिवसांवर ते तपासलंय. म्हणजे पेपर आधी पाठ करून घ्यायचा आणि तोच पेपर परीक्षेला द्यायचा, ९४ पडणारच. त्यातून तुम्ही आकडा ओळखताय, उद्या ३१ येणार की ३४, हो-नाही असं उत्तर नाहीच, मग अ‍ॅक्युरसी हा शब्दच इथे बसत नाही. एक्स्टर्नलने एवढंच विचारलं की ९४ टक्के कशाचे, तर लीडर काय सांगणार?

त्याऐवजी असं करा, एका संध्याकाळचं काम आहे. पहिले १९ दिवस शिकवायला घ्या, शेवटचे ७ दिवस तपासायला ठेवा. तारखेच्या क्रमानेच हं, पत्ते पिसल्यासारखे मिसळू नका, नाहीतर उद्याचं बघून कालचं ओळखल्यासारखं होतं. मग रोजचा अंदाज आणि खरी गर्दी यात किती थाळ्यांचा फरक पडला ते काढा आणि सरासरी करा. 'सरासरी ४ थाळ्यांची चूक' हे वाक्य सरांना कळतं, एक्स्टर्नलला कळतं आणि काकूंना तर लगेच कळतं, कारण ४ थाळ्या म्हणजे किती पोळ्या आणि किती भात हे त्यांना झोपेतही सांगता येईल. मग त्याच ७ दिवसांसाठी एक अगदी साधी पद्धत लावून बघा, काल जितके आले तितकेच आज येणार. हिचीही सरासरी चूक काढा. तुमचं मॉडेल हिच्यापेक्षा बरं असेल तर अभिमानाने लिहा. साधी पद्धतच बरी निघाली, आणि २६ दिवसांच्या डेटावर तसं निघण्याची शक्यता खूप आहे, तरी तेच लिहा आणि कारण द्या. कारण तुम्हाला माहितीच आहे की. शुक्रवारी संध्याकाळी अर्धी मुलं बॅग घेऊन स्वारगेटला नाहीतर शिवाजीनगरला गाडी पकडायला जातात, रविवारी दुपारी फीस्ट असली की न सांगता पाहुणे घेऊन येतात आणि रात्री मेस बंद, जोडून सुट्टी आली की गल्ली रिकामी. २६ दिवसांत शुक्रवार येतात तीन किंवा चार, तेवढ्यावरून मशीन काय शिकणार बिचारं. हा परिच्छेद तुम्ही नीट लिहिलात तर तो अख्ख्या ब्लॅक बुकमधला सगळ्यात चांगला परिच्छेद असेल, आणि तो खोट्या ९४ मधून कधीच आला नसता.

तसंच 'माझा मॉड्यूल झालाय' हे वाक्य. चौघांचे चार मॉड्यूल चार लॅपटॉपवर झाले म्हणजे प्रोजेक्ट झाला असं नसतं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळापाशी पोचून हातचं गेलं ते का, तर एका टीमचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्सच्या हिशोबात आकडे देत होतं आणि दुसरीकडे ते न्यूटन या दुसऱ्या एककातले समजून वापरले जात होते. दोघांचंही काम आपापल्या जागी झालेलंच होतं ना. तुमच्याकडे हे तारखेत होऊ शकतं. फोनने ०५/०४ पाठवलं आणि सर्व्हरने महिना आधी वाचला की ५ एप्रिलचा खाडा थेट ४ मेला जाऊन बसतो आणि १३ तारखेपासून पुढे एररच येतो. १ ते १२ तारखांच्या खाड्यांवर एकदा नजर टाका. सापडलं तर घाबरू नका, दुरुस्त करा आणि कधी सापडलं, कसं सापडलं ते टेस्टिंगच्या चॅप्टरमध्ये लिहा. ज्या रिपोर्टमध्ये सगळ्या टेस्ट केस पास असतात तो रिपोर्ट मी सरळ संशयाने वाचते, खरं सांगते.

आता तुमच्या गाईड सरांचं काय. ८० चं ६५ कसं झालं हे त्यांना रिव्ह्यूच्या टेबलावर पहिल्यांदा कळता कामा नये. गाईड एक्स्टर्नलसमोर तुमच्या बाजूने बसलेला असतो, त्याला आधी माहिती असेल तर तो तुम्हाला सांभाळून घेतो, नसेल तर त्याची पण मान खाली जाते. म्हणून उद्या किंवा फार तर परवा त्यांना केबिनमध्ये भेटा, चौघं जमलात तर उत्तमच, नाहीतर तू आणि लीडर. सोबत तो तीन रकान्यांचा कागद छापून न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळं होऊ नका. सरळ म्हणा, 'सर, मागच्या वेळी आम्ही ८० म्हणालो ते मॉड्यूल मोजून म्हणालो होतो. जोडताना आणि खऱ्या मुलांनी वापरताना जे निघालं ते धरलं नव्हतं. आज हे चालतंय, हे अटीवर, हे नाही. ९ दिवसांत आम्ही एवढंच पूर्ण करणार आहोत.' आणि थांबा. सर चिडतील कदाचित, दोन मिनिटं. चिडू देत. नंतर ते बहुतेक हेच विचारतील की मग यातलं कुठलं सोडायचं, आणि तिथून तुमचं काम सोपं होतं. लॉग बुकमध्ये त्या भेटीची नोंद करून सही घ्या, म्हणजे सुधारलेला आकडा रीतसर कागदावर येतो.

सोलापूरच्या मुलाबद्दल तू जे लिहिलंयस त्यात राग कमी आणि काळजी जास्त दिसली, म्हणून तुझ्याशी मोकळेपणाने बोलते. २५-२५ लिहू नका, पण त्याच्या नावापुढे शून्य पण लिहू नका, आणि त्याला न विचारता तर काहीच लिहू नका. आधी फोन करा त्याला, कामाचं नंतर, बाबा कसे आहेत ते आधी. दीड महिना दवाखान्यात काढलेल्या मुलाला ग्रुपच्या लाजेने फोन करवत नसेल हे पण शक्य आहे. मग सांगा की आम्ही टक्के लिहीत नाही, प्रत्येकाने काय केलं ते लिहितोय, तुझ्या नावाने जून-जुलैपासूनचं काय काय आहे ते तूच सांग. सिनॉप्सिस, सर्व्हे, सुरुवातीचे डायग्राम, काकूंशी पहिलं बोलणं, यातलं काहीतरी त्याचं निघेलच. आणि रजेचं सरळ लिहा, घरच्या आजारपणामुळे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अनुपस्थित, कुणाचं ऑपरेशन, कसलं, ते लिहायची काही गरज नाही. कॉलेजला यात लपवण्यासारखं काहीच नसतं, सरांना आधी सांगितलं असेल तर अजूनच नाही.

कोण किती हे ठरवायला कुणीतरी म्हणेल गिट, म्हणजे कोडमधले बदल साठवणारं टूल, उघडा आणि कमिट, म्हणजे कुणी किती वेळा बदल जतन केले ते, मोजा. मोजा, पण त्याच्यावरच जाऊ नका. गिट शॉर्टलॉगने नावापुढे आकडा येतो खरा, पण कुणी प्रत्येक ओळीला कमिट करतो, कुणी आठवड्याचं एकदम, कुणी चुकून नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार कोडचा, अख्खा फोल्डर चढवतो आणि त्याच्या नावावर लाखो ओळी दिसतात, आणि जी मुलगी २६ दिवस रोज संध्याकाळी मेसमध्ये उभी राहून मुलांना अ‍ॅप शिकवत होती तिचा एकही कमिट नसतो. ती मुलगी तूच आहेस असा माझा अंदाज आहे. तुझं ते काम पण लिही, लाजू नकोस.

आणि त्या मुलाला आता कोड देऊ नका. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की त्याला अजून उशीर होतो, कारण नव्या माणसाला समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. तो सध्या तुमच्यासाठी नवा माणूसच आहे. पण नव्या माणसाला एक काम तुम्हा तिघांपेक्षा चांगलं जमतं. त्याला सांगा, स्वतःच्या लॅपटॉपवर रीडमी, म्हणजे इन्स्टॉल कसं करायचं त्या सूचनांची फाइल, वाचून सगळं पहिल्यापासून इन्स्टॉल कर, आम्हाला एकही फोन न करता. जिथे अडेल तिथे लिहून ठेव. तुम्हाला सगळं पाठ झालंय त्यामुळे रीडमीमध्ये काय राहिलंय ते तुम्हाला दिसणारच नाही, त्याला दिसेल. मग त्यालाच टेस्ट केस चालवू देत, त्याच्या जुन्या फोनवर, स्लो नेटवर. हे नऊ दिवसांत होण्यासारखं, खरं, मोजता येण्यासारखं काम आहे, आणि ओरलला त्याला विचारलं तर तो मान वर करून सांगू शकेल. नुसते २५ टक्के दिले असते तर पहिल्या प्रश्नालाच तो अडकला असता आणि तुम्हा तिघांना त्याच्यासाठी बोलावं लागलं असतं.

कोड कुठून आणलाय, एआयकडून किती लिहून घेतलाय, तेही आपापसात बोलून घ्या. घेतला असेल तर रिपोर्टमध्ये सांगा आणि जे फंक्शन तुमच्यापैकी एकालाही समजावता येत नाही ते रिव्ह्यूआधी एकाने तरी समजून घ्या. बिलाच्या फंक्शनवर प्रश्न येणार हे धरूनच चाला.

आता लीडरशी बोलायचं कसं. सगळ्यांसमोर 'हे खोटं आहे' असं म्हणू नकोस, तो भिंतीला पाठ लावून उभा राहील. त्याला एकट्याला गाठ, कॅन्टीनला नको, टेकडीवर चालायला ने नाहीतर कुठे शांत चहाला बस, आणि विचार की उद्या एक्स्टर्नलने पेमेंट करून दाखवा म्हटलं तर तू नक्की काय दाखवणार आहेस? भांडायला नाही, खरंच विचार. त्याच्या मनात पण तीच भीती आहे गं, त्याने फक्त ती १०० टक्क्यांखाली झाकलीये, शेवटी लीडर म्हणून पहिला प्रश्न त्यालाच येणार. मग तू आधीच भरून ठेवलेला तीन रकान्यांचा कागद काढ. माणूस मोकळ्या हाताने विरोध करणाऱ्याचं ऐकत नाही, पण तयार काम घेऊन आलेल्याचं ऐकतो. आणि नाहीच ऐकलं, तर शांतपणे सांग की माझ्या मॉड्यूलपुढे मी खरं तेच लिहिणार आणि मला विचारलं तर खरं तेच सांगणार. एवढं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, त्या रिपोर्टवर तुझी पण सही आहे. ग्रुप यावर फुटत नाही, माझ्यासमोर तरी फुटलेला नाही. ओरलमध्ये तोंडघशी पडल्यावर मात्र फुटतात, ते मी बघितलंय.

बाकीचं पटापट सांगते. रिव्ह्यूच्या तीन दिवस आधी नवीन कोड बंद, फक्त चुका दुरुस्त, आणि त्या व्हर्जनला गिटमध्ये टॅग, म्हणजे नावाची खूण, लावा. फुकटच्या सर्व्हरवर असाल तर काही वेळ कुणी वापरलं नाही की तो झोपतो आणि पहिली स्क्रीन उघडायला मिनिट लागतं, म्हणून आत जायच्या आधी दारातच एकदा उघडून ठेवा. कॉलेजच्या वायफायवर विसंबू नका, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. पाच मिनिटांचा डेमो व्हिडिओ लॅपटॉपमध्ये असू दे, पण तो लागला तर व्हिडिओ आहे हे सांगूनच लावा. डेमोत मुलांची खरी नावं आणि मोबाईल नंबर दिसू देऊ नका, ब्लॅक बुकच्या स्क्रीनशॉटमध्ये तर नाहीच, तो कायम लायब्ररीत राहतो. आणि बाइंडिंगला आदल्या दिवशी जाऊ नका, त्या आठवड्यात प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे सगळ्या कॉलेजांची रांग असते, सोनेरी अक्षरांचं कव्हर सुकायला वेळ लागतो आणि सगळ्यात शेवटी कळतं की अनुक्रमणिकेतले पान नंबर जुनेच राहिलेत. सरांच्या सह्या सुट्या पानांवर आधी घ्या, मग बाइंडिंग.

आणि काकू. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची आहे. ओरल झाली की तुम्ही गावी जाल, नोकरीला लागाल, तो फुकटचा सर्व्हर कधीतरी बंद पडेल, आणि त्यांनी वही बंद केलीये. त्यांना तुमचं अ‍ॅप पुढे चालणार की नाही ते कुणी सांगितलंय का? रिपोर्टमध्ये एक पान त्यावर लिहा, अ‍ॅप कधीपर्यंत चालेल, कोण बघणार, बंद झालं तर काय. आणि रिव्ह्यूची वाट न बघता या महिन्याच्या बिलाआधी सगळ्या ३८ जणांचे खाडे एक्सेलमध्ये काढून, छापून, त्यांच्या हातात द्या, आणि त्यांच्याशेजारी बसून चार-पाच मुलांचं बिल पेनाने करून बघा, अ‍ॅपशी जुळतंय का ते. जुळलं नाही तर मला लगेच लिही, ओरल उद्यावर असली तरी.